दोन बोटांचं कुंकू

जालन्याच्या बायपासवरच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच राज्यभरातले चारशे-साडेचारशे संग्रहालयवाले गोळा झाले होते. दरवर्षी त्यांची ही परिषद भरते, कधी नागपूरला, कधी कोल्हापूरला. यंदा पहिल्यांदाच जालन्याच्या वाट्याला आली होती. दारात टेबलावर सगळ्यांच्या नावांची कार्डं निळ्या फितींना लावून मांडली होती, आणि त्यातल्या एका कार्डावर काकासाहेब असं नाव होतं. काकासाहेब तर फाल्गुनातच वारले होते. त्यांचं कार्ड घ्यायला त्यांची बायको कौसल्या उभी होती.

"मावशी, हे तर जेन्ट्सचं कार्ड आहे," टेबलामागची पोरगी म्हणाली.

"आमचे मालक. वारले ते."

"अय्या! सॉरी हं. थांबा, मी पेननं नाव बदलून देते."

"राहू द्या," कौसल्याबाई म्हणाल्या आणि फीत गळ्यात घातली.

आता तुम्हीच सांगा, मेल्या माणसाचं नाव बायकोच्या गळ्यात अडकवायचं, याला काय म्हणावं? दुसरी कुणी असती तर तिथंच तिचा पदर डोळ्याला गेला असता. कौसल्याबाईंनी मात्र खांद्याला पिशवी अडकवावी तसं ते नाव अडकवलं आणि आत जाऊन मागून तिसऱ्या रांगेत बसल्या. खुर्च्यांना लग्नातली पांढरी कव्हरं आणि वर लाल फिती. भेटीदाखल मिळालेल्या पिशवीत एक डायरी, एक पेन आणि स्टीलची बाटली. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

सात महिने हे असंच चालू होतं. काकासाहेब गेले तेव्हा धावड्यातल्या बाया दारात जमल्या, चुलत जाऊ चतुराबाईनं तर दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं, "रड गं माय, मोकळी हो!" म्हणून. कौसल्याबाईंना रडू आलं न्हाई. दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. भाकरी करत होत्या, शेरडाला पाला टाकत होत्या, पोराचा फोन उचलत होत्या. कधीमधी चुलीपुढं बसल्या बसल्या त्यांना भ्या वाटायचं, आपल्या आत काही उरलंच न्हाई की काय, तीस वर्षांचा संसार आपण खोटाच केला की काय. मंग ते भ्यासुद्धा विझून जायचं आणि त्या तव्यावरची भाकर उलटायच्या.

काकासाहेब धावड्याच्या सार्वजनिक वाचनालयात कारकून होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी पंचवीस वर्षांत एकशे चाळीस वस्तू जमा केल्या. मोट, नाडा, तिफण, कुळव, दगडी उखळ, पितळी घंगाळ, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. कुणाच्या गोठ्यात काही मोडकं पडलं की हे सायकलवर जाऊन घेऊन यायचे. गावात लोक हसायचे. "आला भंगारवाला," म्हणायचे, आणि लग्नाची पत्रिका द्यायला आले की आपल्याच आज्याचं घंगाळ पोराला दाखवायचे.

आता त्या खोलीत गावातल्या पोरांसाठी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची, असं वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलं होतं. म्हणून काकासाहेबांनीच मरायच्या आधी शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाला अर्ज लिहिला होता, वस्तूंचे फोटो जोडले होते. संग्रहालयानं होकार दिला तो ते गेल्यावर. करार तयार झाला. परिषदेत चार वाजता मंचावर सह्या व्हायच्या, शाल-श्रीफळ मिळायचं, आणि पुढच्या आठवड्यात टेम्पो येऊन सगळं घेऊन जायचा. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा प्रितम फोनवर म्हणाला होता, "आई, करून टाक. तुझ्याच्यानं होणार न्हाई ते सांभाळणं." कौसल्याबाई म्हणाल्या होत्या, "बरं." दुसरं काही म्हणायचं त्यांच्या मनातच आलं न्हाई.

त्यांना घेऊन आले होते सिराजोद्दीन. गावातला सुतार, काकासाहेबांचा शाळेपासूनचा दोस्त. स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून भोकरदन, राजूर करत पहाटेच निघाले होते आणि वाटभर एकटेच बोलत आले होते. आता ते बाजूच्या खुर्चीवर बसून परिषदेची पत्रिका उलटी-सुलटी बघत होते.

"भाभी, हे बघा. 'संग्रहालयांचे डिजिटायझेशन.' मंग 'दमट हवा आणि धातू.' मंग चहा. चहा साडेअकराला हाय."

"हं."

"मले वाटलं व्हतं मूर्त्या-बिर्त्या दाखवतील. इथं तर सगळे येकमेकाले कार्ड वाटून राह्यले."

खरंच वाटत होते. कुणी येऊन कौसल्याबाईंच्या गळ्यातलं कार्ड वाचायचं, "काकासाहेब?" म्हणून भुवया वर करायचं, आणि मंग "हो का, हो का, धावडा म्हणजे अजिंठ्याच्या अलीकडे ना?" असं म्हणून पुढं सरकायचं. एका गृहस्थांनी तर जाता जाता "काकासाहेब मॅडम, भेटू जेवताना" म्हटलं. सिराजभाईंना हसू आलं, त्यांनी ते रुमालात दाबलं. कौसल्याबाईंना हसू आलं न्हाई आणि रागही आला न्हाई.

चहाच्या वेळी तृप्ती मॅडम भेटल्या. करार ज्या संग्रहालयाशी व्हायचा होता तिथल्या त्या अधिकारी, पस्तिशीच्या, बोलायला गोड. त्यांनी कागद दाखवले, कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या.

"ताई, तुमच्या वस्तू अगदी नीट राहतील. काचेच्या कपाटात, वातानुकूलित दालनात. खाली काकासाहेबांचं नाव."

"चांगलं हाये," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काही विचारायचंय का?"

"न्हाई."

जेवणात पनीर होतं, जिलेबी होती, मोसंबीचा रस होता. कौसल्याबाईंनी वरण-भात घेतला आणि तो कशाला घेतला असं वाटल्यासारखं अर्धा ताटात ठेवला. सिराजभाईंनी दोनदा जिलेबी घेतली. "फुकटचा खर्चा कुणाचा का असंना, जिलेबी बराबर जमलीय," ते म्हणाले.

दोन वाजता कल्याण सरांचं भाषण होतं. हे कल्याण सर त्याच मोठ्या संग्रहालयातले, जुन्या वस्तू दुरुस्त करणारे, सगळे त्यांना फार मानणारे. विषय होता लोकवस्तूंचं नुकसान. वाळवी, ऊन, उंदीर, चुकीचा वार्निश. प्रत्येकाचा फोटो पडद्यावर यायचा, सर हातातल्या लाल दिव्याचा ठिपका त्यावर फिरवायचे आणि माणसं डायरीत लिहून घ्यायची. जेवणावरून अर्धे लोक पेंगत होते. कौसल्याबाई पेंगत नव्हत्या, पण त्या बघतही नव्हत्या.

"आणि आता," सर म्हणाले, "भक्तिभावानं केलेलं नुकसान."

हॉलमध्ये हशा झाला. पडद्यावर नवा फोटो आला.

एक हात. भिंतीएवढा मोठा. तो हात एका लाकडी वाटीवर टेकलेला. वाटी म्हणजे तिफणीवरचं चाडं, पेरताना बाई ज्यातून मुठीनं बियाणं सोडते ते. चाड्याच्या कडेला कुंकवाच्या दोन उभ्या ओढी, एक लांब आणि एक तिच्या निम्मी. हाताचं मधलं बोट पेराशी तुटलेलं.

कौसल्याबाईंच्या पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच की नखं वाढलीत. रविवार यायचा होता. उजव्या हाताचं बोट कडबा कुटायच्या मशीनमध्ये गेल्यापासून काकासाहेबांना नेलकटर नीट धरता यायचं न्हाई; त्यांची नखं दर रविवारी कौसल्याबाईच कापायच्या, ओसरीत बसून, आणि ते "हळू, हळू" करून बोंब मारायचे.

मंग त्यांना ध्यानात आलं आपण काय बघतोय ते.

खंडेनवमीचा फोटो होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावातली हत्यारं पुजतात. काकासाहेबांनी एक पद्धत पाडली होती. नवमीला मागच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं, ज्यानं जी वस्तू दिली त्याच्या घरच्या माणसानं येऊन तिला हळद-कुंकू लावायचं. ज्यांच्या घरात कुणी उरलं न्हाई त्यांच्या वस्तूला काकासाहेब स्वतः लावायचे. सिराजभाई आपलं लाकूड तासायचं वाकस आणून उखळाशेजारी ठेवायचे, कुंकू लावायचे न्हाई, नुसते उभे राहायचे, आणि मंग सगळ्यांना गूळ-खोबरं मिळायचं. हे चाडं होतं कौसल्याबाईंच्या माहेरचं, आष्टीचं. भाऊ लहानपणीच गेला, आई-बाप गेले, माहेर बंद झालं. ते चाडं काकासाहेबांनी आणलं, आणि त्याला दरसाल पहिलं कुंकू त्यांचंच लागायचं. दोन बोटांनी ओढायचे. एक लांब, एक आखूड.

फोटो काढला होता खुद्द कौसल्याबाईंनी. अर्जासाठी. त्यांना मोबाइल धरता येत नव्हता नीट, आणि काकासाहेब ओरडत होते, "अगं मी कशाला, चाडं घे, चाडं!" त्यांचं तोंड गेलं बाहेर, हात आला आत. "घे, तोंड खाल्लं का माझं?" म्हणून ते हसले होते. तेव्हा दोघं किती वेळ हसत बसले होते.

"बघा," सर सांगत होते, लाल ठिपका त्या दोन ओढींवर फिरत होता. "वर्षानुवर्षं तीच बोटं, त्याच जागी. कुंकू आणि तेल. रंग लाकडाच्या आत शिरलाय. या अवस्थेत कीड लागायला वेळ लागत नाही. वस्तू आता आमच्याकडे येतेय, त्यामुळे आपण उपचार करू. तीन-चार महिने लागतील. मला वाटतं ऐंशी टक्के डाग निघेल."

आत काहीतरी हललं. फार बारीक. कौसल्याबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"कुणाला प्रश्न?" असं मंचावरून विचारलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. सिराजभाईंनी पदर ओढला, "भाभी, काय करून राह्यल्या?" पण एका स्वयंसेवकानं तोवर माइक हातात दिला होता. माइक जड होता. त्यांनी तो पळीसारखा धरला.

"तो हात आमच्या मालकाचा हाये," त्या म्हणाल्या.

पेंगणारे जागे झाले. कल्याण सरांनी लाल दिवा विझवला.

"मला... मला माहीत नव्हतं. माफ करा ताई. मी त्यांचा अपमान..."

"अपमान कुठला? तुमचं बराबर हाये. कीड लागत असंल. मला फक्त विचारायचंय. ते डाग तुम्ही काढणार?"

"हो. म्हणजे प्रयत्न करणार."

"ऐंशी टक्के?"

"साधारण."

"बरं," असं म्हणून त्या खाली बसल्या. माइक तसाच मांडीवर राहिला, आणि पुढचा प्रश्नवाला हात पुढं करून उभा.

चार वाजायच्या आधी तृप्ती मॅडम धावतच आल्या. मागून कल्याण सरही आले, चेहरा पडलेला. चौघं जण हॉलबाहेर, जिथं पाण्याचे जार ठेवले होते तिथं उभे राहिले. मंचावर तिकडं टेबलाला नवं कापड टाकणं चालू होतं.

"ताई, आम्ही चाडं तसंच ठेवू," तृप्ती मॅडम म्हणाल्या. "डागाला हात लावणार नाही. मी करारात लिहून देते. आत्ता, पेननं."

"मी पण सही करतो," कल्याण सर म्हणाले. "खरं सांगू? मला फोटोत नुसता डाग दिसला. ती माझी चूक आहे."

माणसं चांगली होती. कौसल्याबाईंना ते कळत होतं, आणि म्हणूनच अवघड झालं. वाईट माणूस असता तर तोंडावर न्हाई म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. प्रितमचं बरोबर होतं, कमिटीचं बरोबर होतं, खोली पोरांना हवीच होती. सही करायची, शाल घ्यायची, घरी जायचं. पुन्हा भाकरी, पुन्हा शेरडाचा पाला. ते सात महिने जसे गेले तसे आणखी वीस वर्षं जातील, कुठं काही दुखणार न्हाई.

"आणि नवमीला?" त्यांनी विचारलं.

"नवमीला काय?"

"पुढच्या मंगळवारी नवमी हाये. मला त्याला कुंकू लावू देताल?"

तृप्ती मॅडमनी कल्याण सरांकडं पाहिलं. कल्याण सरांनी जमिनीकडं पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, आणि खरं बोलवत नव्हतं.

"ते काचेच्या आत असेल ताई," शेवटी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कधीही येऊन बघू शकता. आम्ही तुमच्यासाठी गाडी पाठवू. पण हात नाही लावता येणार. कुणालाच."

"मंग न्हाई," कौसल्याबाई म्हणाल्या.

"ताई, अख्खा करार..."

"न्हाई बाई. माझ्याच्यानं सही न्हाई व्हायची. तुमचे लई उपकार, जेवू घातलं, मान दिला. पण त्यो माणूस पंधरा वर्सं लावत व्हता. आता त्याचा हात न्हाई तर माझा हाये. मी का म्हणून काचेतून बघू?"

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. राग आला होता त्यांना, चांगला सणसणीत राग, काकासाहेबांवर सुद्धा, अर्ज लिहून ठेवून खुशाल निघून गेले म्हणून.

"आणि ठेवताल कुठं?" सिराजभाई हळूच म्हणाले. "खोली तर कमिटी घेऊन राह्यली."

"घरात ठेवीन. ओसरीत ठेवीन, माळवदावर ठेवीन. प्रितम आला तर मोटेवर निजंल, त्याला काय झालं? तुमची गाडी हाये ना?"

"हाय की. बिलकुल हाय," सिराजभाई म्हणाले. "दहा चकरा होतील, त्याचं काय एवढं!"

कल्याण सरांनी खिशातून कार्ड काढलं आणि मागं एक नंबर लिहिला. "कीड लागली तर फोन करा. मी येईन. डाग नाही काढणार," ते म्हणाले. कौसल्याबाईंनी ते कार्ड स्टीलच्या बाटलीबरोबर पिशवीत टाकलं. मंचावर तीनऐवजी दोनच संग्रहांच्या सह्या झाल्या, तिसरी शाल घडी करून परत पेटीत गेली.

परतीच्या वाटेवर राजूर आलं. मंग सिराजभाईंनीच विषय काढला, "पोराला काय सांगताल?"

"सांगीन आई येडी झाली म्हणून."

"ते तर मीबी सांगंन," सिराजभाई म्हणाले, आणि पहिल्यांदा कौसल्याबाई हसल्या. नाकातून, थोडंसंच.

धावड्यात पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता, गुरं घराकडं येत होती. कौसल्याबाईंनी गाडी वाचनालयाशी थांबवायला सांगितली. किल्ली त्यांच्या कंबरेलाच होती. सात महिने ती तिथंच होती आणि सात महिने त्यांनी ती वापरली नव्हती. कुलूप अडलं, त्यांनी किल्लीवर फुंकर घातली, परत फिरवली. दार उघडलं तसा आत कोंडलेला तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास बाहेर आला.

धूळ होती सगळीकडं. खिडकीतून पिवळं ऊन तिफणीवर पडलं होतं. कौसल्याबाई चाड्याजवळ गेल्या, पदरानं त्याची कड पुसली, हलक्या हातानं, आणि त्या दोन ओढी उघड्या पडल्या. पडद्यावर त्या लाल दिसल्या होत्या. इथं त्या काळपट होत्या, लाकडाच्याच झाल्या होत्या.

त्यांनी आपली दोन बोटं त्यांवर ठेवली. पहिलं बोट बसलं. मधलं पुढं गेलं, फारच पुढं गेलं, कोऱ्या लाकडावर. त्यांनी ते उचललं, पेराशी दुमडलं, अर्धं केलं आणि परत टेकवलं.

आता बसलं.

गळ्यात अजून ते कार्ड होतं. ते चाड्यावर आपटून खट्ट वाजलं, आणि मंग कौसल्याबाईंच्या तोंडातून जो आवाज निघाला तो त्यांना स्वतःचा वाटलाच न्हाई. त्या तिफणीला धरून खाली बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "अहो," आणि दुसरा शब्द पुढं येईना.

बाहेर सिराजभाईंनी हॉर्न वाजवायला हात उचलला होता. आतला आवाज ऐकून त्यांनी तो तसाच खाली घेतला, गाडी बंद केली, आणि वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले.